नावाची पाटी आणि भाड्याचा गाळा

पुण्याच्या पेठांतल्या किंवा मुंबईतल्या दादर-गिरगावातल्या जुन्या दुकानांवर एक ओळ अजून वाचायला मिळते : ‘आमची कोठेही शाखा नाही’. ही ओळ रंगवून घेणाऱ्याने एका दमात दोन हक्क सांगितलेले असतात. हे नाव आमचे आहे आणि ते या जागेवर आहे. दुकानदाराच्या मनात या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. कायद्याने मात्र त्या पहिल्यापासून वेगळ्याच ठेवल्या. जागेसाठी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. नावासाठी 1999 चाच ट्रेडमार्क कायदा. दोन्ही विषयांचे वकील वेगळे, पुस्तके वेगळी, आणि पुष्कळदा न्यायालयेही वेगळी.

हे पुस्तक हे दोन विषय एकत्र मांडते, आणि तसे का करावे लागले हे सांगणे प्रस्तावनेचे काम आहे. गेल्या पंचवीस वर्षांत, त्यातही 2020 नंतर वेगाने, एक मोठा पालट झाला आहे. दुकानदाराला जागेवर मिळणारे संरक्षण कमी होत गेले आणि नावाला मिळणारे संरक्षण वाढत गेले. आपला व्यापारी मात्र अजून जुन्याच हिशेबाने चालतो. गाळ्यासाठी तो जिवाचे रान करतो, डिपॉझिटसाठी दागिने गहाण टाकतो; नावाच्या नोंदणीचा विषय निघाला की ‘पुढे बघू’ म्हणतो. लहान व्यापाऱ्याने एका वर्गासाठी केलेल्या ट्रेडमार्क अर्जाची ऑनलाइन सरकारी फी 4,500 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. डिपॉझिटच्या तुलनेत ही रक्कम किती लहान आहे, हे वेगळे सांगायला नको. तरीही ती भरायची राहून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. या पुस्तकाची सुरुवात त्या खंतीतून झाली.

जुना हिशेब चुकीचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने अनेक जागांचे भाडे सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवले आणि भाडेकरूला काढणे फार अवघड करून ठेवले. अशा काळात ज्याच्या हातात भाडेपावती त्याच्या हातात धंदा. पावतीची किंमत पागडीने ठरे. कायद्याने ती घेणे गुन्हा होता, पण बाजार तिच्यावरच चाले. 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमाणित भाड्याच्या त्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत असे स्पष्ट म्हटले, आणि 31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू झाला. त्याच्या कलम 56 ने पागडी वैध केली, कलम 11 ने दरसाल चार टक्के भाडेवाढीची वाट दिली. तिसरा बदल मात्र त्या वेळी फारसा कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. कलम 3(1)(ब) ने बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याच्या छत्राबाहेर काढले. फोर्ट-फाउंटनच्या इमारतींत दशकानुदशके नाममात्र भाड्यात बसलेल्या मोठ्या कंपन्यांना पंधरा दिवसांच्या साध्या नोटिशीने काढता येऊ लागले. बँका आणि विमा कंपन्यांनी त्याविरुद्ध केलेली झुंज सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि ती तरतूद टिकली.

त्या तरतुदीत लहान दुकानदारासाठीही एक सापळा आहे. धंदा वाढला की सल्लागार सांगतात, प्रायव्हेट लिमिटेड करा. पागडीच्या गाळ्यातला मालक कंपनी स्थापतो, दुकान तिच्या नावावर चालू करतो आणि भांडवल वाढवत नेतो. इथे दोन प्रश्न उभे राहतात. व्यक्तीकडून कंपनीकडे ताबा गेला म्हणजे पोटभाडेकरू घातला का, हा एक. भांडवलाने एक कोटीची रेघ ओलांडली तर संरक्षणच गेले का, हा दुसरा. नावाच्या दृष्टीने कंपनी करणे शहाणपणाचे असेल. जागेच्या दृष्टीने ती कुऱ्हाड पायावर पडू शकते. दोन विषय वेगवेगळ्या वकिलांकडे गेले की हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

जागा आणि नाव यांची सर्वांत जुनी गाठ मुंबईत ‘कंडक्टिंग’ या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यावर मी या पुस्तकात बरीच पाने खर्च केली आहेत. हॉटेलवाल्याला वय झाल्यावर किंवा गावी परतायचे झाल्यावर तो आपले चालते हॉटेल दुसऱ्याला चालवायला देतो आणि महिन्याला ठरलेली रक्कम घेतो. परवाना मूळ मालकाच्या नावावर, पाटी तीच, गल्ला मात्र दुसऱ्याचा. हा व्यवहार बाजारात इतका का रुजला, याचे कारण 1973 च्या दुरुस्तीत आहे. त्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू परवान्यावर जागा वापरणाऱ्यांना एका फटक्यात भाडेकरू मानले. पण ‘लायसन्सी’च्या व्याख्येतून एक वर्ग वगळला : मालकाच्या मालकीचा चालू धंदा चालवणारा इसम. म्हणजे जागा वापरायला दिली असेल तर समोरचा भाडेकरू झाला. धंदा चालवायला दिला असेल तर नाही झाला. लाखमोलाच्या गाळ्यांचा निकाल या एका फरकावर लागू लागला.

मग कोर्टात प्रश्न येतो : दिले काय? गाळा की धंदा? करारावर काय मथळा टाकला आहे याला फारसे महत्त्व नाही. न्यायाधीश पाहतात की भट्ट्या, फ्रीज, टेबले कोणाची होती. आहार परवाना आणि दुकान परवाना कोणाच्या नावावर होता. वीजबिल कोण भरत होता. कामगार आधीपासूनचे होते की नव्या माणसाने आणले. आणि पाटीवर नाव कोणाचे होते. शेवटचा मुद्दा बारकाईने पाहावा. चालवायला घेणाऱ्याने वर्षा-दोन वर्षांत जुने नाव उतरवून आपले नाव लावले आणि मालक गप्प बसला, तर ‘मी चालू धंदा दिला होता’ हे मालकाचे म्हणणे लंगडे होते. ज्याने पाटी जपली त्याने एका अर्थाने गाळाही जपला. दुसऱ्या बाजूनेही हे तितकेच खरे आहे. पंधरा वर्षे दुसऱ्याच्या नावाखाली उत्तम मिसळ विकून गिऱ्हाईक जोडणाऱ्याला बाहेर पडताना रिकाम्या हाताने जावे लागते. चव त्याची, पण नावाची पत मालकाच्या खात्यात जमा झालेली असते. अशा माणसांसाठी करारात काय लिहून घ्यावे याचे नमुने मी दिले आहेत. ते प्रकरण कोणी चाळून सोडू नये.

आजचा दुकानदार मात्र बहुधा ना पागडीत असतो ना कंडक्टिंगमध्ये. तो लीव्ह अँड लायसन्सवर असतो. महाराष्ट्रात हे करार साठ महिन्यांच्या आत ठेवण्याची रीत पडली आहे, कारण तेवढ्या मुदतीपर्यंत मुद्रांक शुल्क एकूण परवाना शुल्काच्या आणि डिपॉझिटवरच्या गृहीत व्याजाच्या पाव टक्का इतके हलके आहे. मुदत वाढली की भाडेपट्ट्याचे दर लागतात. असा एखादा करार उघडून पाहा. पहिल्या पानांवर लिहिलेले असते की या कराराने कोणताही भाडेकरू हक्क निर्माण होत नाही आणि कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. मग लॉक-इन येतो, पुष्कळदा एकतर्फी : दुकानदाराने ठरावीक काळ जागा सोडायची नाही, मालकाने मात्र कसूर झाल्यावर काढायचे. मग दरसालची वाढ. मुदत संपूनही बसल्यास रोजच्या हिशेबाने दुप्पट रक्कम. आणि शेवटच्या पानांत कुठे तरी एक वाक्य : जाताना परवानाधारकाने आपला नामफलक काढून घ्यावा व भिंत पूर्ववत करून द्यावी. ते वाक्य मी दुकानदारांना मुद्दाम वाचून दाखवतो. पाच वर्षांनी तो फलक उतरेल तेव्हा त्याच्यावरचे नाव कायद्याने आपले असेल का, हे पहिल्या दिवशी विचारायचे असते.

नोंदणीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी जागामालकाची आहे, आणि तो नोंदवला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तरी अनेक गाळे साध्या कागदावर, अकरा महिन्यांच्या पावतीवर चालतात. दुकानदाराला वाटते पैसे वाचले. प्रत्यक्षात त्याने आपल्या नावाचा सर्वांत भक्कम पुरावा गमावलेला असतो, आणि तो कसा हे आता पुण्याच्या एका खटल्यावरून दिसेल.

‘बर्गर किंग’ या नावाचे एक उपाहारगृह पुण्यात 1992 पासून चालू आहे. अमेरिकेतल्या याच नावाच्या कंपनीची स्थापना 1954 ची. भारतात तिने ट्रेडमार्क 1979 मध्ये नोंदवला, पण पहिले दुकान उघडले ते नोव्हेंबर 2014 मध्ये. कंपनीने 2011 मध्ये पुण्यात दावा लावला. तेरा वर्षांनी, जुलै 2024 मध्ये, पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. पुण्याचे उपाहारगृह कंपनी भारतात दुकान थाटण्याच्या कितीतरी आधीपासून ते नाव वापरत होते, हा त्या निकालाचा गाभा. पुणेकरांनी तो आनंदाने उचलून धरला. त्या आनंदात एक कायदेशीर अडचण झाकली गेली. आधीच्या वापराला संरक्षण देणाऱ्या कलम 34 चे शब्द नीट वाचा. नोंदणीधारकाचा वापर किंवा त्याची नोंदणी, यांपैकी जे आधीचे असेल त्याच्याही आधीपासून तुमचा वापर हवा. इथे नोंदणी 1979 ची आणि पुण्यातला वापर 1992 चा. म्हणजे निव्वळ कलम 34 वर उभे राहणे कठीण. भारतात तीस-पस्तीस वर्षे दुकानच नसलेल्या नोंदणीला कितपत मान द्यायचा, सीमेपलीकडची कीर्ती 1992 च्या पुण्यात खरोखर पोचली होती का, आणि दोन दशके गप्प बसलेल्याने नंतर तक्रार करावी का, हे प्रश्न मग पुढे येतात. 2017 मध्ये टोयोटाच्या ‘प्रियस’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले होते की जगभरची कीर्ती पुरेशी नाही, ती इथल्या बाजारात त्या काळी होती हे पुराव्याने दाखवावे लागते. पण त्या खटल्यात प्रतिपक्षाची नोंदणी आधीची होती. पुण्यात उलटे आहे. मुंबई हायकोर्टाने 2 डिसेंबर 2024 रोजी अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या उपाहारगृहाला ते नाव वापरायला मनाई केली, आणि 7 मार्च 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने त्या मनाईलाच स्थगिती दिली. हायकोर्टात अपील चालवायला मोकळीक ठेवली.

या खटल्यातून मला वाचकाला जे दाखवायचे आहे ते अगदी व्यवहारातले आहे. ‘आम्ही अमुक वर्षापासून हे नाव वापरतो’ हे वाक्य कोर्टात कशाने सिद्ध होते? गाळ्याच्या कराराने, ज्यात धंद्याचे नाव लिहिले आहे. शॉप ॲक्टच्या परवान्याने. त्या नावावरच्या वीजबिलाने, जुन्या बिलबुकाने, विक्रीकराच्या कागदांनी, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या कात्रणाने. यातले निम्मे कागद जागेचे आहेत. नावाचा इतिहास जागेच्या दप्तरात साठतो, आणि जागा सोडताना माणसे ते दप्तर रद्दीत घालतात.

जागेतूनच जन्मलेल्या नावाचे याहून सुंदर उदाहरण तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचे आहे. तिथे नेल्लैयप्पर मंदिरासमोर एक हलव्याचे दुकान आहे. तिथला उजेड मंद, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याला ‘इरुट्टुक्कडै’, म्हणजे अंधारे दुकान, असे नाव पाडले. दुसऱ्या कोणी तेच नाव पुढे गावाचे नाव लावून वापरायला घेतले तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, आणि 2015 मध्ये न्यायालयाने आधीच्या वापराचा हक्क नोंदणीपेक्षाही श्रेष्ठ असल्याचे सांगून मूळ दुकानाच्या बाजूने कौल दिला. तो निकाल प्रत्येक जुन्या दुकानदाराने माहीत करून घ्यावा. मात्र त्याच्या भरवशावर नोंदणी टाळू नये. तिथे मूळ दुकानाकडे नोंदणीही होती.

आता न्यायालयांच्या वाटेबद्दल. 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्याने ‘व्यापारी वाद’ या एकाच व्याख्येत बौद्धिक संपदेचे तंटे आणि निव्वळ व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या स्थावर मालमत्तेचे तंटे शेजारी शेजारी बसवले. 2018 मध्ये मूल्याची मर्यादा तीन लाखांवर आली. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने जागेच्या बाबतीत दार अरुंद केले : जागा प्रत्यक्ष व्यापारासाठी वापरात हवी, पुढे वापरणार आहोत एवढ्याने भागत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालाने कलम 12अ खालची दाव्यापूर्वीची मध्यस्थी सक्तीची ठरली. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर मध्यस्थीविना आणलेला दावा तिथेच संपतो. पण ट्रेडमार्कच्या एका खटल्यात ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने तातडीच्या मागणीकडे दाव्याचा मजकूर पाहून समजुतीने बघावे असे सांगितले, आणि चालू असलेल्या उल्लंघनात तातडी अंगभूतच असते ही भूमिका 2025 मध्ये आणखी पक्की केली. याचा व्यवहारातला अर्थ असा की नावाची चोरी झालेला माणूस थेट कोर्टात शिरू शकतो. थकलेले भाडे किंवा अडकलेले डिपॉझिट मागणारा आधी मध्यस्थाच्या टेबलावर बसतो. भाडे नियंत्रण कायद्याखालचे मुंबईतले दावे तर आजही स्मॉल कॉज कोर्टातच. सुप्रीम कोर्टाच्या 14 डिसेंबर 2020 च्या निकालाने मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालचे भाड्याचे वाद लवादाकडे नेता येतील असे ठरले, भाडे नियंत्रण कायद्याखालचे मात्र नाही. मुंबईत हायकोर्टाच्या पूर्णपीठाचा 2009 चा उलट दिशेचा निकालही डोक्यावर आहे, आणि करारात लवादाचे कलम घालताना वकिलांना आजही दोनदा विचार करावा लागतो.

करांबद्दल थोडक्यात. व्यापारी जागेच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. 10 ऑक्टोबर 2024 पासून मालक नोंदणीकृत नसला आणि दुकानदार असला, तर तो कर दुकानदाराने स्वतः भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्या लहान व्यापाऱ्यांना नंतर यातून वगळले गेले. मॉल बांधून भाड्याने देणाऱ्यांना बांधकामावरच्या कराचे क्रेडिट मिळण्याची वाट सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2024 मध्ये किलकिली केली, आणि 2025 च्या वित्त कायद्याने एक शब्द पूर्वलक्षी प्रभावाने बदलून ती बंद केली. याचा भार शेवटी भाड्यातच येतो.

कोविडच्या काळात ‘दुकान बंद होते, भाडे का द्यायचे?’ असा प्रश्न घरोघरी विचारला गेला. दिल्ली हायकोर्टाने मे 2020 मध्ये खान मार्केटमधल्या दुकानाच्या प्रकरणात त्याचे उत्तर दिले : करारात तशी तरतूद असेल तर तिच्याप्रमाणे, नसेल तर जागा नष्ट झालेली नाही, तात्पुरती वापरता आली नाही, एवढ्याने भाडे थांबत नाही. त्यानंतरच्या करारांत अनपेक्षित आपत्तीचे कलम लांबलचक झाले. पण ते बहुधा मालकाच्या वकिलाने लिहिलेले असते.

एका प्रश्नावर मला ठाम मत मांडायचे आहे : गाळ्यात बनावट माल विकला जात असेल तर गाळामालकाची जबाबदारी काय? युरोपात प्राग शहरातल्या बाजारपेठेच्या प्रकरणी 7 जुलै 2016 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की स्टॉल भाड्याने देणाऱ्या कंपनीलाही ‘मध्यस्थ’ मानून तिच्याविरुद्ध हुकूम काढता येतो. टॉमी हिलफिगर आणि इतर कंपन्यांनी तो दावा केला होता. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका मिनी मॉलच्या मालकांवर बनावट रे-बॅन चष्म्यांबद्दलची जबाबदारी 2019 मध्ये अपिलातही कायम राहिली. आपल्या ट्रेडमार्क कायद्यात गाळामालकाचा असा थेट उल्लेख नाही. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम 51 मध्ये 1957 पासून आहे : नफ्यासाठी आपली जागा अशा सादरीकरणाला वापरू देणारा, ज्याने हक्कभंग होतो, तोही उल्लंघन करणाराच, आपल्याला माहीत नव्हते आणि संशयाला जागाही नव्हती हे त्याने दाखवले तर सुटतो. हे तत्त्व योग्य आहे असे मला वाटते. भाडे घेणाऱ्याने नोटीस मिळाल्यानंतरही डोळे मिटून घ्यावेत आणि प्रामाणिक दुकानदाराने शेजारच्याच गाळ्यात आपल्या मालाची नक्कल विकली जाताना बघावी, हे न्यायाचे नव्हे. मात्र नोटिशीच्या आधी मालकाने पोलिसाचे काम करावे, अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये.

याच कलमाच्या छायेत उपाहारगृहांतल्या गाण्यांचा वाद येतो. हॉटेलात गाणी वाजवायला पैसे कोणाला द्यायचे? जानेवारी 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितले की हक्क विकत घेतलेली कंपनी, कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदणी नसतानाही, स्वतः परवाने देऊ शकते. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने वेगळी भूमिका घेतली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने तो आदेश अंशतः रोखला. तोवर हॉटेलवाल्याने आपल्या करारात एवढे तरी पाहावे की मॉलच्या मोकळ्या भागात वाजणाऱ्या गाण्यांचा खर्च देखभाल शुल्कातून त्याच्याकडून घेतला जातो का, आणि घेतला जात असेल तर परवाना कोणाच्या नावावर आहे.

या पुस्तकात पेटंट नाही, औषधे नाहीत, चित्रपटांचे हक्क नाहीत, कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे खटलेही नाहीत. ते विषय मोठे आहेत आणि त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. कोल्हापुरी चपलेचे प्रकरण मात्र मी घेतले आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशा चपला दाखवल्या. जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने जनहित याचिका फेटाळताना भौगोलिक मानांकनाचे नोंदणीधारक स्वतः पुढे आलेले नाहीत यावर बोट ठेवले. मानांकन 2019 चे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचे. ज्याच्या नावावर नोंद, त्यानेच दाद मागायची, हा धडा कोल्हापूरच्या चर्मकारांनाही लागू आहे आणि भावाभावांत वाटणी झालेल्या मिठाईच्या दुकानांनाही. भागीदारी कायद्याप्रमाणे गुडविल ही पेढीची मालमत्ता आहे; वाटणीपत्रात गाळा कोणाला हे दोन पाने भरून लिहितात आणि नाव कोणाला हे लिहायला विसरतात.

शेवटचे प्रकरण पुनर्विकासाचे आहे. मुंबईत आणि आता पुण्यातही जुन्या इमारती पाडल्या जात आहेत. मुंबईत उपकरप्राप्त इमारतीतल्या दुकानदाराला विकास नियमावलीच्या 33(7) खाली जुन्या गाळ्याएवढी जागा मिळण्याची तरतूद आहे. त्याचा करारनामा, तात्पुरत्या जागेचे भाडे, नव्या गाळ्याची रस्त्याकडची बाजू, यांवर दुकानदार बरोबर लक्ष ठेवतो. नावाचे काय होते? ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 47 प्रमाणे सलग पाच वर्षे किंवा त्याहून जास्त काळ न वापरलेले चिन्ह नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी कोणीही बाधित माणूस करू शकतो. अर्जाच्या आधीचे तीन महिने हिशेबात धरत नाहीत. रखडलेल्या प्रकल्पात पाच वर्षे सहज जातात. ‘व्यापारातील विशेष परिस्थिती’मुळे वापर थांबला असे सांगण्याची मुभा कायद्यात आहे, पण एका इमारतीचे बांधकाम रखडणे त्यात बसेल की नाही यावर वाद घालता येतो, आणि वादावर विसंबून कोणी नाव पणाला लावू नये. म्हणून त्या प्रकरणात मी काय करायचे ते पायरीपायरीने लिहिले आहे : गाळा रिकामा करण्याआधी पाटीसह दुकानाची तारखेची छायाचित्रे काढावीत, जुनी बिलबुके आणि परवाने एका जागी बांधून ठेवावेत, नोंदणी नसेल तर इमारत पाडण्याआधी अर्ज करावा, आणि तात्पुरत्या जागेत चार फुटांचे टेबल का असेना, त्याच नावाने, त्याच नावाच्या बिलावर, वर्षभर थोडी तरी विक्री चालू ठेवावी. विकासकाशी होणाऱ्या करारात नव्या इमारतीच्या दर्शनी भागावर फलकासाठी किती जागा मिळणार हे फुटांत लिहून घ्यावे. नकाशा मंजूर झाल्यावर ती मागायला गेलेल्यांना बहुधा आतल्या बाजूची भिंत मिळते.